कॅलगरीच्या थंडीत बिबड्या वाळतील का?

बोरीकाठचा_पारोळेकर (कॅलगरी, कॅनडा)

मंडळी, प्रश्न सरळ आहे. बाहेर उणे २०, आत दिवसरात्र हीटर, खिडक्या बंद. अशा घरात ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे आंबवलेल्या ज्वारीचं पीठ शिजवून थापलेलं आमच्या खानदेशातलं लसणाचं वाळवण, वाळतील का? कोणी करून पाहिल्यात का? 'उन्हाळ्यापर्यंत थांब' हे उत्तर आधीच बाद करतो. इथे जून हा पावसाचा महिना, जुलैत गारा, आणि मधे जे कडक उन्हाचे दिवस मिळतात त्या दिवशी वारा असा, की वाळवणाखाली अंथरलेलं धोतर बिबड्यांसकट शेजाऱ्याच्या डेकवर जाऊन पडेल.

कशाला एवढी उठाठेव, तर सांगतो. आजवर येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर आई बिबड्या पाठवायची. स्टीलचा डबा, मधे वर्तमानपत्राच्या घड्या, वरून टॉवेल गुंडाळलेला. तरी इथे डबा उघडला की अर्ध्यांचा चुरा. चुरा वाया जात नाही म्हणा; कांदा, शेंगदाणे, वरून कच्चं तेल, संध्याकाळचं खाणं झालं. पण यंदा आईने फोनवर सांगून टाकलं, "आता माझ्याच्याने होत नाही रे भाऊ." गुडघे गेलेत. अमळनेरला फ्लॅटमधे राहते, आणि गच्चीची किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरीकडे. बाजारात बचत गटांच्या मिळतात, बऱ्या असतात, पण लसूण हात राखून घातलेला. लसूण कमी पडला की बिबडी कसली, तो नुसता ज्वारीचा पापड.

आमचं गाव पारोळा तालुक्यात, बोरीच्या काठाला. घर धाब्याचं: लाकडी सरे, वर काड्या-पाचट, त्यावर खाऱ्या मातीचा थर. पावसाळ्याआधी माती नवीन टाकायची आणि उन्हाळाभर त्याच धाब्यावर झोपायचं. होळी झाली की वाळवणं सुरू. पहाटे चारला मागच्या अंगणात तीन दगडांच्या चुलीवर पातेलं चढायचं. आई, मोठी माय, काकू, शेजारपाजारच्या बाया. आज आमच्याकडे, उद्या त्यांच्याकडे. आम्हां पोरांना उठवायचे ते घाटा, म्हणजे बिबड्यांसाठी शिजवलेलं ते पीठ, खायला. गरम घाटा ताटलीत, मधे बोटाने खड्डा, खड्ड्यात शेंगदाण्याचं कच्चं तेल. खाल्लं की ड्यूटी लागायची. उपड्या खाटांवर धोतरं अंथरून बिबड्या घातलेल्या, आणि आम्ही कावळे हाकायला. मोठी माय खालून ओरडायची, "वर बठ, कावळास्ले हाकल, आन् बिबड्या खाऊ नको!"

कावळ्यांपेक्षा जास्त आम्हीच खायचो. दहा-अकराच्या सुमाराला बिबडीची कड वाळलेली असते आणि मधला भाग ओला, चिवट. त्या अर्ध्याओल्या बिबडीला जी चव असते ती भाजलेलीला नाही, तळलेलीला तर नाहीच नाही. प्रत्येक खाटेवरची एकेकच उचलायची, म्हणजे खाडा दिसत नाही, अशी आमची अक्कल. बायांनी त्या मोजून घातलेल्या असायच्या हे बऱ्याच वर्षांनी कळलं. बारानंतर धाब्यावर पाय टेकत नसे. कडुनिंबाची एक फांदी वर झुकलेली होती, तिच्या सावलीत गोणपाट टाकून बसायचं आणि सावली सरकेल तसं गोणपाट सरकवायचं.

आता हे दोन्ही पोरींना करून दाखवायचंय. थोरली विचारते, कावळे कुठून आणायचे? मॅगपाय आहेत म्हटलं, तोही कावळ्याच्या कुळातलाच आहे, आणि चोरीत चार पावलं पुढे. पण बाहेर वाळवायचंच नाही तर त्यालाही काम नाही.

तर एक, अख्खी ज्वारी कुठे मिळते? इंडियन स्टोअरमधे नुसतं पीठ आहे. दोन, एवढ्या गार घरात ज्वारी आंबेल का? आणि तीन, तेच, वाळतील का?

शहादा_ते_विचिटा

ज्वारीचं मी सांगतो, कारण मी तिच्या माहेरी राहतो. जगात सगळ्यात जास्त ज्वारी अमेरिकेत पिकते आणि अमेरिकेत सगळ्यात जास्त आमच्या कॅन्ससमधे. पण माणसाच्या तोंडी फारशी लागत नाही. माल जातो गुरांच्या खाद्याला, इथेनॉलला आणि परदेशी. शेतात दिसते ती बहुतेक लालसर दाण्याची. खाण्याची पांढरी वेगळी असते, आणि ती ग्लूटेन न चालणाऱ्यांच्या दुकानात 'होल ग्रेन सॉर्घम' नावाने मिळते. तिकडे कॅनडातही अशा दुकानांत विचारा. 'पर्ल्ड' लिहिलेली मिळाली तर तीच घ्या, कोंडा काढलेला असतो, कांडायचं वाचतं. फक्त शेतीच्या दुकानातून बियाण्याची पिशवी उचलू नका. दाण्याला औषध चोळलेलं असतं.

आता थोडं अवांतर. इथलं ज्वारीचं शेत पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी हायवेच्या कडेला गाडी लावून खाली उतरलो. ज्वारी कंबरेएवढी! कापणीच्या यंत्राला सोपं जावं म्हणून मुद्दाम बुटक्या जाती. मैलोन् मैल सपाट, वर सारखी कणसं, आणि आत लपायला जागा नाही. आमच्या शहाद्याकडे तापीकाठच्या काळ्या जमिनीत दादर ज्वारी व्हायची, डोक्याच्या वर. पोरगं आत शिरलं की दिसायचं नाही, हाका मारून बाहेर काढावं लागायचं. हुरड्याला आम्ही तिघं चुलतभाऊ आत शिरायचो आणि आजोबा बांधावर उभे राहून नुसती कुठली ताटं हलतात ते बघायचे. हलली की तिकडे ढेकूळ. या शेतात ढेकूळ मारायचं तरी कोणाला?

बिबड्यांचं मला विचारू नका, मी फक्त खाणारा.

देवपूरची_आजी (धुळे)

भाऊ, सूनबाईने मोबाइलवर मोठी अक्षरं करून दिली आहेत म्हणून वाचता आलं. लिहायला वेळ लागतो, चुकलं तर समजून घ्या.

दादर भाकरीला ठेव. बिबड्यांना हायब्रीड चालते, आम्ही तीच घ्यायचो. अख्खी मिळाली तर पाण्याचा हात लावून कांडायची, कोंडा पाखडायचा, मग भिजत घालायची. इकडे ३ दिवस लागतात, तुमच्याकडे जास्त लागतील. दिवस मोजू नको. दाणा नखाने दाबला की आतून पीठ झाला पाहिजे आणि आंबूस वास आला पाहिजे. पाणी रोज बदलायचं. मग निथळून फडक्यावर सावलीत पसरायची आणि अंगात ओल असतानाच भरडायची. पीठ रवाळ हवं, फार बारीक नको. ते रात्री पाण्यात कालवून ठेवायचं.

पहाटे आधण ठेवायचं. त्यात मीठ, तीळ, जिरं, आणि लसूण-मिरची वाटून. लसूण तुझ्या आईला विचारून घाल, प्रत्येक घरचा हिशेब वेगळा असतो. पीठ सोडताना एकीने धार धरायची, दुसरीने चाटूने हाटायचं, हात थांबला की गुठळी झालीच. चकाकी आली आणि घाटा चाटूला चिकटेना की झालं. मिठाचं लक्षात ठेव: घाटा चाखताना जरासा अळणी लागला पाहिजे. पाणी उडून जातं, मीठ तेवढंच राहतं. घाट्याला बरोबर लागलं तर बिबडी खारट होणार.

थापायला धोतराचं जुनं फडकं, ओलं करून उपड्या ताटावर. गोळा ठेवायचा, पाण्याच्या हाताने थापायचा, फडकं उचलून खाटेवर उलटं टाकायचं, पाठीवरून पाण्याचा हात फिरवायचा आणि फडकं सोडवून घ्यायचं. बिबडी खाली राहते.

आता एक बोलते, राग मानू नको. तुम्हां पोरांना कावळे आठवतात, घाटा आठवतो. मला तळहात आठवतात. घाटा गार झाला की थापला जात नाही, म्हणून वाफ निघत असतानाच थापायचा. आत मिरची आणि लसूण. संध्याकाळपर्यंत हात हुळहुळायचे, आणि त्याच हाताने लेकराचं तोंड धुवायचं. पायली-दोन पायलीचा घाट घातलेला असायचा. अकराला ते उरकलं की पुन्हा चुलीपुढे, घरच्या माणसांच्या भाकरी होत्याच. कंबर मोडली म्हणायची सोय नव्हती, उद्या दुसरीच्या दारात जायचं असे.

आणि सगळं आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आत. आखाजीला लेकी माहेरी यायच्या. मी पण जायची माझ्या माहेरी. तिथे मी एक बिबडी थापली नाही कधी. झोक्यावरून उतरायचेच नाही मी, खापराची पुरणपोळी आणि आंबरस आयता ताटात. माझ्या वहिनीला काय वाटत असेल ते तिलाच ठाऊक. तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही हे, आता ती नाही.

पोरींना दाखव, जरूर दाखव. पण थापायचं तू. पोरींना कावळ्यांवर बसव.

भुसावळ_जंक्शन (एडमंटन)

हीटर-फर्नेसची कामं करतो, म्हणून तिसऱ्या प्रश्नाला हात घालतो. वाळतील. शंका नको.

लोकांना वाटतं वाळवण उन्हाने वाळतं. ऊन मदत करतं, पण खरं काम कोरड्या हवेचं. मे महिन्यात भुसावळला ४५ अंश असतं तेव्हा हवेत ओल जवळजवळ नसते, म्हणून तर तिथे कूलर चालतो आणि मुंबईत त्याचा उपयोग होत नाही. मुंबईत ऊन काय कमी आहे? पण पापड दुपारनंतरही लिबलिबीतच. आता कॅलगरी घ्या. उणे २० ला एक घनमीटर हवेत फार तर ग्रॅमभर वाफ मावते. तीच हवा फर्नेसने घरात घेऊन २० अंशांवर आणली की तिला १७ ग्रॅमपर्यंत पाणी घेता येतं. म्हणजे ती हवा तहानलेली असते. तुमचे ओठ फुटतात, दाराच्या कडीला हात लावला की झटका बसतो, लाकडी फर्निचर कुरकुरतं, ते सगळं यामुळेच. ती तहान बिबड्यांकडे वळवा.

दोन-तीन गोष्टी सांभाळा. फर्नेसला ह्युमिडिफायर जोडलेला असेल तर त्या दोन दिवसांपुरता बंद करा, नाहीतर तुम्ही वाळवणार आणि तो भिजवणार. जमिनीतून गरम हवा येते त्या जाळीच्या तोंडाशी बिबड्या ठेवू नका. कडा पटकन वाळून वर वळतात, मधलं ओलं राहतं, आणि मग तडा जातो. खोलीच्या मधोमध टेबलावर घाला, छताचा पंखा असेल तर सगळ्यात हळू लावा. कडा सुटल्या की उलटायच्या, हे आजींनाही पटेल. आणि घाटा शिजवताना चुलीवरचा एक्झॉस्ट सोडा. एवढी वाफ थंड काचेवर जमली की खिडकीच्या आतून बर्फ धरतो.

आमचं वाळवण रेल्वे क्वार्टरसमोर असायचं. आजी सांगायची, कोळशाची इंजिनं होती तेव्हा वारा यार्डाकडून फिरला की पांढऱ्या कुरडयांवर काजळी बसायची. मग बाया वाऱ्याला नाही, ड्रायव्हरला शिव्या द्यायच्या. आजोबा ड्रायव्हरच होते.

लेस्टरची_वहिनी

आमच्याकडे हे गणित उलटं. इंग्लंडची थंडी ओली. मूळ जामनेरची मी, उत्साहाने हिवाळ्यात बिबड्या घातल्या, दोन दिवसांनीही ओलसर, आणि पुढे बुरशीचे ठिपके. सगळ्या फेकल्या. आता गरम पाण्याची टाकी असते त्या कपाटात फळ्यांवर जाळी टाकून वाळवते, पण एका वेळी दहा-बारा मावतात. शेवटी फळं वाळवायचं विजेचं यंत्र घेतलं, ५५ अंशांवर लावते. वाळतात चांगल्या, फक्त ट्रेच्या आकारामुळे चौकोनी थापाव्या लागतात. सासूबाईंनी पाहून विचारलं, हे काय बिस्किटं का.

बोरीकाठचा_पारोळेकर

आजी, ताई, भाऊ, सगळ्यांना रामराम. वाळल्या!

पर्ल्ड ज्वारी मिळाली. गार घरात आंबत नव्हती, मग पातेलं ओव्हनमधे ठेवलं, ओव्हन बंद, नुसता आतला दिवा चालू. इडलीच्या पिठाला इथे सगळे हेच करतात. वास सुटला तसा घरात वाद सुटला. बायको कोल्हापूरची, तिला वाटलं पातेल्यात काहीतरी मेलंय. तिला आजींचं वाचून दाखवलं, 'थापायचं तू' या वाक्यावर ती एकदम माझ्या बाजूने झाली.

भरडायला मिक्सर, थोडं थोडं. पीठ सोडताना धार थोरलीने धरली, हाटलं मी. इथे पहाटे चारला उठायचं कारण नव्हतं, उन्हाची गाठ नाही, त्यामुळे रविवारी नाश्ता करून आरामात सुरुवात. पोरींना घाटा वाटीत दिला. धाकटीने तेल बघून नाक मुरडलं, एक घास खाल्ला, आणि मग वाटी घेऊन जिन्यात जाऊन बसली, म्हणजे कोणी वाटा मागू नये.

आजी, तळहातांचं खरं आहे. पहिल्या सातआठ बिबड्यांनंतर मी हातमोजे शोधत होतो. रबरी मोज्याला घाटा चिकटतो, ते जमत नाही. मग गार पाण्याचं भांडं जवळ ठेवलं आणि प्रत्येक थापेला हात बुडवत गेलो. माझ्या आईने हे पायलीने कसं केलं असेल, ते मी तिला विचारलं नाही. फोनवर काय विचारणार?

वाळायचं म्हणाल तर भुसावळकरांचा शब्द खरा. डायनिंग टेबलावर जुनी चादर, तिच्यावर बिबड्या, ह्युमिडिफायर बंद. रात्री झोपताना कडा सुटल्या होत्या तेव्हा उलटल्या. सोमवारी दुपारी कामावरून घरी आलो तर खडखडीत. मधे चिनूक सुटला होता, डोंगरावरून येतो तो कोरडा गरम वारा. सकाळी उणे १५, दुपारी रस्त्यावर पाणी वाहतंय. आकडा मात्र जुळत नव्हता. टेबलाच्या कडेच्या, धाकटीच्या हाताला येतील अशा बिबड्या गायब. अर्ध्याओल्या असतानाच गेल्या, हे सांगायला नको. मी काही बोललो नाही.

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवल्या. पहिलं वाक्य, "जाड झाल्यात." मग फोन नाकाशी धरून बराच वेळ बघत राहिली. मग शेजारच्या काकूंना हाक मारली आणि त्यांना माझं नाव न घेता सांगितलं, "बर्फात वाळवल्या बरं का, यांनी."

भाजायला गॅस नाही, विजेची कॉइल आहे. तिच्यावर पापडाची जाळी ठेवली, दुसऱ्या बिबडीला धुराचा अलार्म कोकलला. एक्झॉस्ट पूर्ण सोडला, अलार्मखाली थोरलीला टॉवेल घेऊन उभं केलं, ती वारा घालत राहिली.

देवपूरची_आजी

छान केलंस. जाड झाल्या असतील तर घाईने भाजू नको, आतून कच्च्या राहतात. पुढच्या खेपेला गोळा लहान घे. तेल कोणतं घेतलं?

बोरीकाठचा_पारोळेकर

आजी, शेंगदाण्याचंच. पण इथल्या नेहमीच्या दुकानातलं रिफाइंड असतं, वासच नाही. चिनी किराणा दुकानात भाजलेल्या दाण्यांचं मिळतं, झाकण उघडलं की घमघमाट. आपल्या घाण्याच्या तेलापेक्षा जरा खमंग आहे, पण रिफाइंडपेक्षा कैक पटींनी बरं.

शहादा_ते_विचिटा

घाटा, तेल, कांदा... सकाळपासून तिसऱ्यांदा वाचतोय. उद्या ज्वारी घेऊन येतो. आमच्याकडे हिवाळा कॅलगरीएवढा कोरडा नाही, तरी फर्नेस आहेच. भुसावळकर, चालेल ना?

भुसावळ_जंक्शन

कडाक्याची थंडी पडलेली, आभाळ मोकळं असेल असा दिवस धरा. पावसाळी हवा असेल तेव्हा नको.

देवपूरची_आजी

तुम्ही खाणारे होतात ना, आता थापा. आणि पारोळेकर, लगेच कुरडया मनात आणू नको. गव्हाचा चीक काढायचा तर घरात जास्तीची माणसं लागतात, आणि आमचा पितळी सोऱ्या तुला तिकडे मिळायचा नाही. माझ्याकडे दोन आहेत, एक पडूनच असतो. कोणी तिकडे येणारं असेल तर सांग, देऊन टाकते.